इंग्रजीचा पाठ : तुलनेतील नकार

अंबरनाथ व बदलापूर ह्या दोन स्थानकांच्या दरम्यान चिखलोली हे गाव आहे. तेथील एखाद्या घरी रात्रीच्या वेळी लेकरू तापाने फणफणले आहे, अशी कल्पना करा. औषधाच्या वेष्टनावर इंग्रजीत लिहिले आहे, ‘नॉट मोअर दॅन फोर डोसेस इन ट्वेंटी-फोर अवर्स.’ आई विचारते, “अगं, किती वेळा द्यायचं लिहिलंय?” थोरली मुलगी ‘मोअर’ व ‘फोर’ एवढेच शब्द ओळखते आणि म्हणते, “आई, चाराच्या वर.” तापावरील पॅरासिटॅमॉल हे औषध मर्यादेबाहेर दिल्यास यकृतास इजा होते. म्हणजे येथे व्याकरणाची चूक वहीत राहत नाही. ती लेकराच्या जिवावर येते. ह्याकरिता नकार व तुलना एकत्र आली असता अर्थ कसा करावा, हे आज पाहू.

१. बरोबरी नाकारणे. ‘ॲज … ॲज’ ह्या शब्दांनी बरोबरी दाखवितात, आणि ती नाकारण्यास ‘नॉट सो … ॲज’ असे म्हणतात. उदाहरणार्थ, ‘अंबरनाथ इज नॉट सो फार फ्रॉम मुंबई ॲज बदलापूर.’ मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर व बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. तेव्हा अर्थ असा की, बदलापूर जितके दूर आहे तितके अंबरनाथ दूर नाही. नकारानंतर ‘सो’ हाच शब्द हवा, असे जुने व्याकरणकार शिकवीत. आता ‘नॉट ॲज … ॲज’ हेही शुद्ध मानितात. मराठीची रचना अशीच असल्यामुळे येथे फारशी अडचण पडत नाही.

२. ‘नॉट’ आणि ‘नो’. खरी अडचण येथे आहे. ‘गोविंद इज नॉट टॉलर दॅन रामा’ ह्याचा अर्थ, गोविंद रामाहून उंच नाही. तो रामाएवढा असेल किंवा ठेंगणाही असेल. परंतु ‘गोविंद इज नो टॉलर दॅन रामा’ असे म्हटले म्हणजे दोघे सारखेच, आणि दोघेही बेताच्याच उंचीचे, असा ध्वनी निघतो. मराठीत दोन्ही ठिकाणी एकच ‘नाही’ येते, म्हणून विद्यार्थी घोटाळ्यात पडतो. तथापि मराठी ह्या बाबतीत दरिद्री नाही. ‘हा त्याच्याहून काही उंच नाही’ ह्या वाक्यातील ‘काही’ हा लहानसा शब्द इंग्रजी ‘नो’चे काम बऱ्याच अंशी करितो.

३. संख्येपुढील नकार. येथे चार रचना आहेत व त्या प्रत्येकीस आपला स्वतंत्र मराठी शब्द आहे. ‘नॉट मोअर दॅन’ म्हणजे फार तर, जास्तीत जास्त. ‘नॉट लेस दॅन’ म्हणजे निदान, कमीत कमी. ह्या दोन रचना कुंपण घालितात. ‘नो मोअर दॅन’ म्हणजे केवळ, अवघे. आणि ‘नो लेस दॅन’ म्हणजे तब्बल. ह्या दोन रचना बोलणाऱ्याच्या मनातील भाव सांगतात. ‘ही हॅज नो मोअर दॅन टेन रुपीज’ म्हणजे त्याच्यापाशी अवघे दहा रुपये आहेत. उलटपक्षी, अंबरनाथ येथील शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे; म्हणून ‘द टेम्पल इज नो लेस दॅन नाइन हंड्रेड अँड सिक्स्टी इयर्स ओल्ड’ असे कौतुकाने म्हणता येते. अर्थ, मंदिर तब्बल नऊशे साठ वर्षांचे आहे.

कायद्याच्या भाषेत भावास जागा नसते, म्हणून तेथे बहुधा ‘नॉट’ आढळतो. भारताच्या संविधानातील १७० व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या विधानसभेत ५०० हून अधिक नाहीत व ६० हून कमी नाहीत इतके सभासद असावेत. महाराष्ट्राचे २८८ सभासद ह्या कुंपणात बसतात. गोव्याच्या ४० सभासदांकरिता मात्र संविधानात निराळी तरतूद आहे. तसेच ८४ व्या अनुच्छेदाप्रमाणे लोकसभेच्या उमेदवाराचे वय २५ वर्षांहून कमी नसावे. आता ज्यास नुकतीच २५ वर्षे पूर्ण झाली तो पात्र आहे की नाही? पात्र आहे, कारण २५ हे २५ हून कमी नव्हे. कुंपणाचा खांब आतल्या बाजूसच मोजावयाचा, हे ध्यानात धरावे. त्याच न्यायाने औषधाचा चौथा डोस चालेल, पाचवा चालणार नाही.

४. दुहेरी नकार. ‘अ बॅट इज नो मोअर अ बर्ड दॅन अ काउ इज.’ ह्याचे ‘गाईपेक्षा वटवाघूळ अधिक पक्षी नाही’ असे भाषांतर केल्यास ऐकणारा हसेल. खरा अर्थ असा: गाय जशी पक्षी नव्हे, तसे वटवाघूळही पक्षी नव्हे. ‘दॅन’च्या पुढे नकाराचा शब्द दिसत नसला तरी तेथेही नकार आहे, आणि मराठीत तो उघड बोलून दाखवावा लागतो.

अभ्यास. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतरपाठमालेने महाराष्ट्रात पुष्कळांस इंग्रजी शिकविले, ते एकेक वाक्याचे भाषांतर करवूनच. त्याच रीतीने पुढील वाक्यांचे मराठी करावे व मग उत्तरे पाहावी.

(अ) पे नॉट लेस दॅन फिफ्टी रुपीज.
(आ) शी स्लेप्ट नो मोअर दॅन टू अवर्स.
(इ) धिस रोड इज नो बेटर दॅन दॅट.
(ई) नो लेस दॅन अ थाउजंड पीपल केम.

उत्तरे. (अ) निदान पन्नास रुपये द्या. (आ) ती अवघे दोन तास झोपली. (इ) हा रस्ता त्या रस्त्याहून काही बरा नाही. दोन्ही सारखेच वाईट. (ई) तब्बल हजार माणसे आली.

ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांनी औषधाचे एखादे वेष्टन त्यांच्यापुढे ठेवून हा पाठ घ्यावा. इंग्रजी वाक्यात ‘नॉट मोअर’ दिसताच मुलाने प्रथम ‘फार तर’ हे दोन मराठी शब्द मोठ्याने म्हणावे, आणि मगच पुढील आकडा वाचावा. आणि तरीही मनात शंका राहिली, तर औषध देण्यापूर्वी जाणत्यास विचारावे. त्यात कमीपणा नाही.