सूज उतरवण्याआधी लघवी तपासा

अंगावर सूज दिसली की आपल्याकडचे सल्ले ठरलेले असतात. मीठ कमी करा, रात्री पायाखाली उशी घ्या, नाहीतर केमिस्टकडून पाण्याची गोळी आणा, दोन दिवसांत उतरेल. गोळीने सूज खरोखरच उतरते, आणि धोका तिथेच आहे. सूज गेली की माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो, आणि आतला आजार वाढत राहतो. पौड रोडवरच्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी मला गोळीच्या आधी लघवी तपासायला पाठवलं, याबद्दल मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

माझी सूज सकाळी डोळ्यांखाली असायची आणि संध्याकाळी घोट्यांवर उतरायची. मी शिक्षिका. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे पाय सुजले तर कुणालाच नवल वाटत नाही. ‘चाळिशी उलटली की असंच,’ असं स्टाफरूममध्ये सगळ्याजणी म्हणायच्या. पण बांगड्या मनगटात रुतू लागल्या, भूक मेलेली असताना वजन वाढू लागलं आणि लघवीला साबणासारखा फेस यायला लागला. डॉक्टरांनी नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. ते म्हणाले, “बाई, उभं राहून पाय सुजतील, पण पापण्या सुजणार नाहीत. लघवी बघू.”

लघवीत प्रथिनं चार प्लस निघाली. रक्तात अल्ब्युमिन डेसिलिटरमागे निदान 3.5 ग्रॅम हवं, ते माझं जेमतेम दोनच्या आसपास होतं. हे अल्ब्युमिन रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. किडनीची चाळणी सैल झाली की ते लघवीवाटे जातं आणि पाणी अंगात झिरपतं. दिवसाला 3.5 ग्रॅमहून जास्त प्रथिन जाऊ लागलं की डॉक्टर त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. किडनीची बायॉप्सी झाली आणि निदान आलं: मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. त्यानंतर किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही चेहऱ्याला काय लावता?”

मी पार्लरमधून आणलेली गोरेपणाची क्रीम लावत होते. डबीवर ना उत्पादकाचा पत्ता होता, ना परवाना क्रमांक, ना घटकांची यादी. डॉक्टरांना हा प्रश्न सुचला त्याला कारण होतं. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही किडनीचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर तो तिघी वापरत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे 22 रुग्ण नोंदवले. त्यांतल्या 15 जणांत नेल-1 नावाचं प्रथिन आढळलं, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला. मलाही पडला, पण सावकाश, कित्येक महिन्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नियमित तपासण्यांच्या आधाराने.

पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळल्यासारखा दिसतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. आपल्याकडच्या 2020 च्या नियमांनुसार डोळ्यांसाठीची प्रसाधनं सोडून इतर प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही. डबीवर कॅलोमेल किंवा मर्क्युरस, मर्क्युरिक अशी नावं दिसली, किंवा घटकच लिहिलेले नसले, तर ती घेऊ नका. सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारात उणं ठरवलं जातं, त्या भीतीवर हा धंदा चालतो, याचा मला मनापासून संताप येतो.

सूज प्रत्येकाची क्रीममुळेच येते असं मुळीच नाही. आमच्या सासूबाईंचे घोटे अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने सुजायचे. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सूज गेली. गुडघेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही अंगात पाणी साठवतात. आडवं झाल्यावर दम लागत असेल, दोन-तीन उश्या लागत असतील, तर आधी हृदय तपासावं. पोट फुगून पाय सुजले तर यकृत. थकवा, थंडी सोसवत नाही आणि आवाज जड, तर थायरॉइड. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नेफ्रॉटिकच्या रुग्णाने तर याबाबत जास्तच जपावं, कारण त्याच्या रक्तात गुठळ्या लवकर होतात. सुजेसोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका.

बाकी वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या, काढ्याच्या बाटल्या, भस्माच्या पुड्या आणि चेहऱ्याच्या डब्या एका पिशवीत घालून न्या, काहीही न लपवता. लघवीची साधी तपासणी कोणत्याही लॅबमध्ये थोडक्या पैशांत होते. सुजेचं कारण कळेपर्यंत रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. अंगात साठणारं पाणी आधी त्या आकड्यांत दिसतं. आणि क्रीममध्ये पारा असल्याचा संशय असेल, तर घरातल्या सगळ्यांची लघवी तपासून घ्या, कारण पारा टॉवेल आणि उशीवरून लहान मुलांपर्यंतही पोचतो. आमच्या पार्लरवाल्या ताई ती क्रीम दिवसभर उघड्या हातांनी लावायच्या. मी त्यांना माझा रिपोर्ट दाखवला आणि लॅबमध्ये घेऊन गेले. त्यांच्याही लघवीत प्रथिनं निघाली. त्यांचे उपचार आता सुरू आहेत.