गंज रोखा, अवजारे राखा



लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरवर पाऊस. मावळच्या या दमट हवेत लोखंडाला ओल मिळाली की गंज चढलाच. रुपयाचे नाणे मात्र चकचकीत राहते, कारण १९९२ पासून ते स्टेनलेस पोलादाचे येते. त्यातल्या क्रोमियममुळे वर पातळ कवच धरते. आपल्या कोयत्याला असे कवच नाही, ते आपणच तेलाचे द्यायचे.

पोटॅश खतात क्षार असतो. तो ओल ओढतो, गंज वाढवतो. म्हणून खत टाकून झाले की घमेले त्याच दिवशी धुऊन, पुसून ठेवा. पोती पत्र्याला टेकवू नका.

घरातही जपा. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू नका; आंबटाने तांबे उतरते, उलट्या होतात.