बोटीच्या इंजिनातील गळती : थेंबाचा माग कसा काढावा

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही. मग मोटारबोटीच्या इंजिनाचा धडा येथील गॅरेजवाल्यांनी कशासाठी वाचावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर जिल्ह्याच्या नकाशातच आहे. दक्षिणेच्या हद्दीवरून पैनगंगा वाहते, पूर्वेकडे वर्धा नदी आहे, आणि आत पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्या व त्यांवरील धरणे आहेत. पैनगंगेवरील इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशयही आहे. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टी झाली तेव्हा महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर सुमारे ४५ माणसे पुराच्या वेढ्यात सापडली होती आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली होती. अशा दिवशी बोट सुरू होते की नाही, आणि प्रवाहाच्या मध्यावर बंद तर पडत नाही ना, यावर लोकांचे प्राण अवलंबून असतात.

पुरासाठी ठेवलेली बोट वर्षातील बहुतेक महिने उभीच असते. उभ्या इंजिनाचे रबर कडक होते, ऑईल सील सुकते, पाईपला चिरा जातात. पावसाळ्याच्या तोंडावर आच्छादन काढले की तळाशी काळपट पाण्याचे डबके दिसते आणि ते कशाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी येथील जो मिस्त्री ट्रॅक्टर आणि डिझेल पंपाची इंजिने खोलतो, त्याच्या हातात हे काम करण्याचे कसब आहेच. गरज आहे ती फक्त शिस्तीची.

बोट आणि ट्रॅक्टर यांत फरक काय?

ट्रॅक्टर गळत असेल तर थेंब जमिनीवर पडतो आणि डाग जेथल्या तेथे राहतो. बोटीत तसे होत नाही. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, डिझेल, रेडिएटरचे पाणी, नदीचे पाणी आणि पावसाचे पाणी, हे सर्व एकाच तळाशी जमते. बोट हलली की सारे एकत्र होते. त्यातच आतल्या इंजिनाची बैठक बहुधा मागे उतरती असते, म्हणून पुढच्या भागातून निघालेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत मागे जाऊन टपकते. तेव्हा थेंब जेथे पडतो तेथील भाग बदलणे, ही या कामातील सर्वांत महागडी घाई होय.

पायरी पहिली : पुसण्यापूर्वी ओळख

डबके उपसण्याआधी पांढऱ्या कागदावर त्याचा नमुना घ्यावा. पाणी वाळून जाते, तेलाचा डाग राहतो. पेट्रोल उडून जाते, डिझेलचा तेलकट डाग आणि वास टिकतो. वापरलेले इंजिन ऑईल काळे असते. गिअर ऑईल जाड असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. लाल तेल दिसले तर ते स्टिअरिंगचे किंवा काही गिअरबॉक्सांत वापरतात ते तेल असण्याचा संभव आहे. हिरवे किंवा गुलाबी, बोटांना चिकट लागणारे पाणी म्हणजे कूलंट. ते जिभेवर घेऊन कधीही पाहू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. दुधासारखे पांढरट तेल दिसले तर तेलात पाणी मिसळले आहे असे समजावे.

कोकणातील मिस्त्रीला खाऱ्या पाण्याची एक सोय असते. पाणी जेथून झिरपते तेथे मिठाचा पांढरा थर दिसतो. आपल्याकडील पाणी गोडे, त्यामुळे ती खूण येथे मिळत नाही. फार तर गरम भागावर चुन्याचा फिकट डाग आढळतो.

पायरी दुसरी : पातळीची नोंद

इंजिन ऑईल, गिअर ऑईल, कूलंट, स्टिअरिंगचे तेल आणि इंधन, या प्रत्येकाची पातळी वहीत लिहून ठेवावी. बोट चालवल्यानंतर ती पुन्हा पाहावी. जी उतरली तिचा मार्ग शोधायचा. पातळी चढली तर ती अधिक गंभीर बाब आहे. इंजिन ऑईल वाढले तर त्यात डिझेल किंवा पाणी शिरत आहे. फीड पंपाचा पडदा फाटला तर डिझेल थेट ऑईलमध्ये जाते, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. असे इंजिन तसेच चालवू नये.

पायरी तिसरी : स्वच्छता आणि कागद

आता तळ कोरडा करावा, इंजिन तेल काढणाऱ्या द्रावणाने धुऊन वाळवावे. पेट्रोलने कधीही धुऊ नये. मग इंजिनाखाली पुठ्ठ्याचे किंवा पांढऱ्या कागदाचे तुकडे अंथरून त्यांवर क्रमांक घालावेत : पुढचा, मधला, मागचा, उजवा, डावा. संशयित सांध्यांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर हलकेच फवारावी. कोरड्या पावडरीवर ओल चटकन उठून दिसते. अतिनील प्रकाशात चमकणारा रंग तेलात घालून विशेष टॉर्चने पाहण्याची पद्धतही आहे. पण पुष्कळ वेळा पुठ्ठा आणि पावडर एवढ्यावरच काम भागते.

पायरी चौथी : गळती केव्हा होते?

बोट पाण्यात उभी, इंजिन बंद, आणि तरीही तळाचे पाणी वाढते आहे, तर दोष बोटीच्या तळात किंवा शाफ्टच्या ग्लँडमध्ये आहे. इंजिन चालू असतानाच पाणी येत असेल तर थंड पाण्याचा पंप, त्याचे होज पाईप किंवा एक्झॉस्ट पाहावा. पावसानंतरच वाढत असेल तर झाकणाची रबरपट्टी पाहावी.

तेलाचेही तसेच. थंड इंजिनात थेंब आणि गरम झाल्यावर बंद, असे असेल तर क्लिप किंवा सांधा सैल आहे. गरम झाल्यावर पातळ तेल झिरपत असेल तर सील किंवा पॅकिंग. फक्त वेग वाढवल्यावर गळत असेल तर दाबाची वाहिनी संशयित समजावी. बंद केल्यानंतर रात्रभर थेंब पडत असतील तर वरच्या भागातून वजनाने उतरणारे तेल किंवा इंधन असते.

काही थेंब दोषाचे नसतातच. डोरी भरलेल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, नाहीतर शाफ्ट तापतो. शेतातील पाण्याच्या पंपाची ग्लँड डोरी ज्यांनी आवळली आहे त्यांना हे ठाऊक आहे. मागे लटकवलेल्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड मोटारीची गोष्ट निराळी. ती वाहतुकीत चुकीच्या कुशीवर आडवी ठेवली तर ऑईल सिलिंडरात आणि हवेच्या मार्गात जाते व बाहेर टपकते. ती गळती नव्हे. कोणत्या कुशीवर ठेवावी हे तिच्या पुस्तिकेत असते.

पायरी पाचवी : वर चढत जावे

ओला कागद सापडला की त्याच्या वरचा सर्वांत उंच ओला बिंदू शोधावा. समजा, इंजिनाच्या मागच्या टोकाशी काळे तेल टपकते आहे. घाईचा मिस्त्री म्हणेल, क्रँकचे मागचे सील गेले. ते बदलायचे तर गिअरबॉक्स सोडवावा लागतो, कधी इंजिनच वर काढावे लागते. पण हेच तेल टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून निघून मागून खाली ओघळलेले असू शकते. ते पॅकिंग स्वस्त, आणि काम थोड्या वेळाचे. ब्रीदरची नळी तुंबली असेल तर क्रँककेसमध्ये दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. म्हणून सील बदलण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा.

डिझेलच्या बाजूला नोझलवरील परतीच्या बारीक नळ्या आणि तांब्याच्या वायसर आधी पाहाव्यात. वायसर नवी घालावी, नसेल तर लाल तापवून पाण्यात विझवून मऊ करावी. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. तेथील भोकातून चालू इंजिनात थेंब पडण्याऐवजी हवा आत शिरते आणि इंजिन आचके देऊन बंद पडते. पुरात बोट बंद पडण्यास हे कारण पुरेसे आहे.

पाण्याच्या पंपाखाली एक लहान छिद्र असते. तेथून पाणी येत असेल तर पंपाचे सील संपले. ते छिद्र बुजवू नये, कारण पाणी तेलाकडे जाऊ नये म्हणूनच ते ठेवलेले असते. आऊटबोर्डच्या खालच्या गिअरमधील तेल पांढरट झाले असेल तर पंखा काढून पाहावे. जाळ्याचा नायलॉन दोरा शाफ्टवर गुंडाळला जाऊन सील कापले गेलेले असू शकते. जेथे मासेमारी चालते तेथे ही तपासणी अवश्य करावी.

जिवाची काळजी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व तळाशी साचते. झाकण उघडून हवा खेळू द्यावी, विडी-काडी दूर ठेवावी, आणि वास असेपर्यंत बॅटरीची तार किंवा तळाच्या पंपाचे बटण हाताळू नये. चालू इंजिनात नोझलच्या पाईपवर हात फिरवून गळती शोधू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. गमछा, सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवावी. जमिनीवर इंजिन चालवायचे तर त्याला नळाचे पाणी जोडावे. कोरडे चालवल्यास पंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो.

ग्राहकाशी व्यवहार

आमचे कारागीर बंधूंना सांगणे असे की, शोधण्याची मजुरी आणि दुरुस्तीची मजुरी वेगळी लिहावी. ‘एवढा वेळ तपासले, हा भाग ओला आढळला, हा बदलला, नंतर अर्धा तास चालवून कागद कोरडा राहिला’, असे बिलावर लिहून दिले तर ग्राहकाला पैसे जड वाटत नाहीत. काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा. जो मिस्त्री अंदाजाने तीन भाग बदलतो, त्याची गळती कदाचित थांबतेही, पण ती कशाने थांबली हे त्यालाही कळत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा तेथूनच सुरुवात करतो.

तळातील तेलकट पाणी जलाशयात किंवा नाल्यात उपसू नये. तेच पाणी कालव्याने शेतात आणि योजनांतून गावाच्या नळाला जाते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे.

हे काम मे महिन्यात करावे. ज्या संस्थांकडे, मच्छीमार सोसायट्यांकडे किंवा कार्यालयांकडे बोटी आहेत, त्यांना गॅरेजवाल्यांनी स्वतः भेटून पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा लेखी दर द्यावा. पहिल्या तपासणीची वही जपून ठेवावी. दुसऱ्या वर्षी त्याच पानावरील पातळ्यांशी नवी नोंद ताडून पाहिली की, कोणता पाईप या पावसाळ्यात दगा देईल, हे बोट पाण्यात उतरण्याआधीच बऱ्याच अंशी कळते.