रिपोर्टमध्ये ‘अँटीबॉडी पॉझिटिव्ह’ आलं, आता काय?



मूल होण्याच्या उपचारासाठी गटातून अंतर्गत कर्ज मागायची वेळ कुणावरही येऊ शकते. अशा ताईच्या फाइलमध्ये कधी कधी ‘अँटीबॉडी पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं असतं. मग घरात दोन गोष्टी होतात. “हिच्यातच दोष आहे” असं बोललं जातं आणि पुढच्या तपासण्यांसाठी दागिना मोडायची चर्चा सुरू होते. दोन्हीची घाई करू नका. आधी ही ओळ समजून घेऊ.

अँटीबॉडी म्हणजे काय?
अँटीबॉडी म्हणजे आपल्या रक्तातले राखणदार. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना ते अडवतात. काही जणींच्या शरीरात हे राखणदार चुकतात आणि घरच्याच माणसाला चोर समजतात. हे कुणाच्या वागण्यामुळे, खाण्यामुळे किंवा पापामुळे होत नाही.

पहिला प्रकार: थायरॉइडच्या अँटीबॉडी
गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीविरुद्ध या तयार होतात. अशा वेळी टीएसएच ही रक्ततपासणी महत्त्वाची. टीएसएच वाढलेलं असेल, तर डॉक्टर रोजची गोळी देतात. ती नियमित घ्यायची.

पण टीएसएच ठीक असेल आणि फक्त अँटीबॉडी असतील तर? ब्रिटनमध्ये अशा सुमारे 950 स्त्रियांचा अभ्यास झाला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना थायरॉइडची गोळी दिली, निम्म्या जणींना औषध नसलेली तशीच गोळी. दोन्हीकडे शंभरातल्या 37-38 जणींना मूल झालं. चीनमध्ये टेस्ट ट्यूब उपचार घेणाऱ्या 600 स्त्रियांच्या अभ्यासातही फरक दिसला नाही. म्हणजे अँटीबॉडी असूनही मूल होतं, आणि टीएसएच ठीक असताना गोळीने जास्तीचा फायदा होत नाही. मात्र दिवस राहिले की टीएसएच लगेच तपासून घ्यायचं, कारण अशा स्त्रियांमध्ये ते गरोदरपणात वाढू शकतं.

दुसरा प्रकार: रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडी
यांना अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी म्हणतात. यांच्यामुळे बाळाला पोसणाऱ्या वारेचं काम बिघडतं आणि गर्भ पडू शकतो. वारंवार गर्भपात झाले असतील किंवा अडीच महिन्यांनंतर पोटातलं बाळ गेलं असेल, तर ही तपासणी जरूर विचारा. एका रिपोर्टवर निदान होत नाही, कमीत कमी 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. निदान पक्कं झालं, तर गरोदरपणात ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. त्याने मूल होण्याची शक्यता वाढते. ही औषधं रक्त पातळ करतात, म्हणून मनाने किंवा दुसरीचं बघून घ्यायची नाहीत.

पण ज्या ताईचा गर्भपात कधी झालेलाच नाही, तिने टेस्ट ट्यूब उपचाराआधी ही तपासणी सरसकट करायची गरज नसते.

डॉक्टरांना हे विचारा
1. माझ्या अँटीबॉडी कोणत्या प्रकारच्या आहेत?
2. माझं टीएसएच किती आहे?
3. ही तपासणी केल्याने माझा उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर ती कशासाठी?
4. या औषधाने मूल होण्याची शक्यता वाढते, हे सिद्ध झालंय का?
5. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का? ती स्वस्त आणि सोपी असते. बाईच्या महागड्या तपासण्यांआधी ती व्हायलाच हवी.

प्रश्न कागदावर लिहून न्या, सोबत एखादी मैत्रीण न्या. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा, म्हणजे झालेल्या तपासणीचे पैसे पुन्हा भरावे लागणार नाहीत.

पुढच्या बैठकीत बोला
• मूल नसलेल्या ताईला आपण हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला बोलावतो का?
• उपचारासाठी कर्ज मागणाऱ्या ताईची माहिती गटाबाहेर जाऊ नये, यासाठी आपला नियम काय?