परदेशात स्वयंसेवा: तयारी कुठून?

प्रश्न: पदवीनंतर वर्षभर परदेशात भटकत स्वयंसेवा करायची आहे. इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?
– एक वाचक, चेन्नई

उत्तर: तुमच्या शेजारचंच उदाहरण पाहा. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल हे चेन्नईजवळचे इरुला जमातीचे सर्पमित्र. २०१७ मध्ये बर्मीज अजगर पकडायला त्यांना फ्लोरिडात बोलावलं गेलं. सोबत दुभाषे होते. पहिल्या दोन आठवड्यांतच १३ अजगर हाती लागले! २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

ते मानधनावर गेले होते, पण स्वयंसेवकालाही आधी विचारतात ते कौशल्यच.

सुरुवात घराजवळ करा. जानेवारी ते मार्च चेन्नईच्या किनाऱ्यावर विद्यार्थी रात्री ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात. तो अनुभव अर्जात लिहा. बिनपगारी कामालाही ब्रिटनसारख्या देशांत वेगळा व्हिसा लागू शकतो. तिकिटाआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम तपासा.