पट्टे तीन की पाच?

प्रश्न : अंगणात मोठा कडुलिंब आहे. दिवाळीत नवा मिररलेस कॅमेरा घेतला, तेव्हापासून त्या झाडावरच्या खारींचे फोटो काढतो. दोन कोडी सुटत नाहीत. आजीच्या गोष्टीत रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली होती, पण माझ्या फोटोत पट्टे पाच निघतात. दुसरं म्हणजे धावत्या खारीची शेपटी फोटोत तिरपी, रबरासारखी ताणलेली येते. कॅमेऱ्यात दोष आहे का? या उन्हाळ्यात शेकरू टिपायला मेळघाटात जायचं मनात आहे.
– एक वाचक, अकोला

उत्तर : कॅमेऱ्यात दोष नाही आणि तुमची मोजणीही चुकलेली नाही. वऱ्हाडातली खार पाच पट्ट्यांचीच आहे. पाठीवर मधले तीन पट्टे ठळक असतात आणि दोन्ही कुशींना एकेक फिकी रेघ असते. या बाजूच्या रेघा साध्या नजरेला सहसा दिसत नाहीत. खार क्षणभरही थांबत नाही आणि आपण तिला बहुधा खालून पाहतो. म्हणून पिढ्यान् पिढ्या आपण तीनच मोजले.

आजी खोटं सांगत नव्हती. भारतात पट्टेवाल्या खारींच्या वेगवेगळ्या जाती आहेत. दक्षिणेतली खार खरोखरच तीन पट्ट्यांची, सह्याद्रीच्या झाडीतलीही तीनचीच. उत्तर आणि मध्य भारताच्या कोरड्या, उघड्या मुलखात मात्र पाच पट्ट्यांची नांदते. सेतू बांधायला मदत करणाऱ्या खारीची ही गोष्ट वाल्मीकी रामायणात नाही. ती तेलुगूतल्या रंगनाथ रामायणात भेटते. ज्या मुलखात ती रंगली तिथल्या खारीला तीनच पट्टे होते, म्हणजे कथाकारांनी आपल्या अंगणातलीच खार पाहून ती सांगितली असणार, असं मला वाटतं.

पाच पट्टेवालीला 1905 मध्ये शास्त्रीय नाव दिलं रॉटन यांनी. ते मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी होते. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिचा पहिला अहवाल खानदेशाचा आणि दुसरा वऱ्हाडाचा निघाला. त्या काळी प्राणी मारून, कातडी पेटीत भरून पट्टे मोजावे लागत. तुम्ही तेच काम कडुलिंबाखाली उभं राहून करताय! नोंद पक्की हवी असेल तर एक फोटो बाजूने घ्या, कुशीची रेघ दिसेल असा. दुसरा शेपटीच्या खालच्या अंगाचा. दक्षिणेकडच्या खारीच्या शेपटीखाली तांबूस झाक असते, आपल्याकडचीची फिकट राहते.

आता वाकड्या शेपटीकडे. तुम्ही बहुतेक आवाज बंद ठेवून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटो काढताय. त्यात पडदा हलत नाही. सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. साध्या सेन्सरला या वाचनाला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग सहज लागतो. तेवढ्यात खार पुढे सरकलेली असते, म्हणून वरच्या ओळीत शेपटी एका जागी आणि खालच्या ओळीत दुसऱ्या जागी उमटते. शटरचा वेग 1/2000 ठेवला तरी हा तिरपेपणा जात नाही, कारण तो आकडा प्रत्येक ओळीपुरता असतो. खार बसून शेंग सोलत असेल तेव्हा मूक शटर उत्तम, ती दचकत नाही. पळायला लागली की मेकॅनिकल शटरवर या आणि वेग 1/1600 च्या पुढे ठेवा. महागड्या, झटपट वाचणाऱ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ही अडचण जवळजवळ नसते, पण तेवढ्यासाठी नवा कॅमेरा घेऊ नका.

त्याऐवजी लेन्सचं गणित करा. खारीचं धड साधारण 15 सेंटिमीटर. एपीएस-सी सेन्सरवर 55 मिलिमीटरच्या लेन्सने पाच मीटरवरून फोटो घेतला तर ती चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सात टक्के भाग व्यापते. 300 मिलिमीटरने तीच खार एक तृतीयांशाहून जास्त जागा घेते. कॅमेऱ्याची प्राण्यांचे डोळे शोधणारी सोय मुख्यतः कुत्री, मांजरं आणि पक्षी ओळखायला शिकलेली असते; खार दिसली की कधी डोळा पकडते, कधी शेजारची काडी. अशा वेळी फोकसचा छोटा चौकोन स्वतः डोक्यावर ठेवून मग ट्रॅकिंग सुरू करणं बरं. आणि आभाळाच्या उजेडासमोर खार काळी पडत असेल तर ते व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं. उजेड थोडा वाढवा, मगच बटण दाबा. जुन्या कॅमेरेवाल्यांना ही चैन नव्हती.

ऋतूचं म्हणाल तर माझं मत फेब्रुवारी-मार्चला. तेव्हा पळस आणि काटेसावर पानं झाडून फुललेली असतात आणि खारी फुलांतला रस प्यायला येतात. पानांचा अडथळा नाही, मागे केशरी रंग, आणि खार एका फुलावर चार-पाच सेकंद का होईना थांबते. अकोल्यात कृषी विद्यापीठाचा परिसर, अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाकडची झाडं सकाळी धुंडाळा. मग एखादं झाड निवडा आणि तिथेच बसा. शेव-फरसाण टाकून खार बोलावणारे फोटोवाले मला पटत नाहीत. तिची तब्येत बिघडते, आणि फोटोत खार कमी, फरसाण जास्त दिसतं. घरट्यापासून तर लांबच राहा. कापूस आणि चिंध्यांनी मऊ केलेलं ते घरटं आपल्याकडे मीटरच्या पेटीतसुद्धा सापडतं, म्हणून हात घालायचा मोह होतो.

मेळघाटाचं सांगतो. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, तिथे आहे. पण नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर लांब असूनही तो उंच फांद्यांतच वावरतो आणि क्वचित खाली उतरतो. व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरायला मनाई असते, म्हणजे मान वर करून, पानांच्या फटीतून, उजेडाविरुद्ध फोटो काढायचा. 300 मिलिमीटरही तिथे अपुरी वाटेल. नुसतं शेकरूच पाहायचं असेल तर 1985 मध्ये अभयारण्य झालेलं भीमाशंकर जास्त भरवशाचं. तरी मेळघाटातच जायचं असेल तर तुम्हाला अकोटवरून नरनाळ्याच्या पायथ्याचं शहानूर जवळ पडेल.

एप्रिल-मेमध्ये निघालात तर सकाळचे पहिले दोन-तीन तासच धरा. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांब लेन्समधून दूरचं सगळं धूसर येतं. फोकस चुकला समजून लोक दुकानदाराशी भांडतात. खारीही दुपारी सावलीत पडून राहतात. कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका, बॅटरी जास्तीची घ्या (व्ह्यूफाइंडरचा पडदा ती भराभर खातो), आणि धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलायचीच असेल तर कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला, कारण मिररलेसचा सेन्सर समोरच उघडा असतो.