घडी घ्यावी तर गावात उघडेल अशी

हॉस्टेलमध्ये कोणी नवीन घड्याळ घालून आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कितीला पडलं?" दुसरा प्रश्न: "वॉटरप्रूफ आहे का?" तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच आधी विचारायला पाहिजे. हे बंद पडलं तर उघडणार कोण?

आता कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये वेळ दिसते, मग घड्याळ हवंच कशाला? पण लेखी पेपरला मोबाईल बाहेर ठेवावा लागतो आणि उरलेली वीस मिनिटं मनगटावरच मोजावी लागतात. (नीटसारख्या परीक्षेत साधं घड्याळही चालत नाही, म्हणून हॉल तिकिटावरचे नियम आधी वाचा.) वर्कशॉपमध्ये हाताला ग्रीस असताना खिशातून फोन काढणं किती सोयीचं, ते आपल्याला माहीतच आहे.

मी तेल्हाऱ्याचा. आमच्याकडे घड्याळाला 'घडी' म्हणतात. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत इंग्रजी शब्द येतील, तेवढं सांभाळून घ्या.

आधी आत काय असतं ते पाहू. घड्याळं मुख्यतः दोन जातीची. पहिली चावीची, म्हणजे मेकॅनिकल. आजोबांच्या पिढीची 'जनता' ही एचएमटीची घडी याच जातीची, १७ ज्वेलची. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते, ती हळूहळू सुटते आणि बॅलन्स व्हील तिला ठरावीक ठोक्यांनी रोखत रोखत सोडतं. सेकंदाला ५ ठोके, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. ज्वेल म्हणजे दागिना नव्हे. ते कृत्रिम माणकाचे बेअरिंग असतात, घर्षण आणि झीज कमी करायला. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला, आणि पुढे कित्येक वर्षं भारतात घड्याळ म्हणजे एचएमटी असंच समीकरण होतं.

दुसरी जात क्वार्ट्झ, सेलवर चालणारी. सेइकोने १९६९ मध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं. आपल्याकडे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने ही जात घराघरात नेली. यातला छोटा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच आकडा का? कारण तो २ चा १५ वा घात आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधले फ्लिप-फ्लॉप आठवा: १५ वेळा निम्मं केलं की सेकंदाला बरोबर एक पल्स मिळते. ती पल्स छोट्या स्टेपर मोटरला जाते आणि काटा एक घर पुढे सरकतो. सेकंड सेमला डोक्यावरून गेलेलं सर्किट रोज आपल्या मनगटावर चालू असतं!

आता वऱ्हाडाचा प्रश्न. हा क्रिस्टल साधारण २५ अंशांना सर्वात बरोबर चालतो. तापमान त्याहून वर जावो की खाली, तो मागेच पडतो, आणि फरक अंशांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दर अंश-वर्गाला दहा लाखात सुमारे ०.०३४ भाग. मे महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ वर जातो. फरक २० अंशांचा, वर्ग ४००, म्हणजे दहा लाखात सुमारे १४ भाग. गणित केलं तर चोवीस तास त्या उन्हाळ्यात पडलेलं घड्याळ दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे पडेल. मनगटावर मात्र ते अंगाच्या ऊबेमुळे तिशीच्या आसपास राहतं आणि फरक नगण्य होतो. म्हणून उन्हाच्या खिडकीत घड्याळ ठेवू नका. घालणं हीच त्याची एक काळजी आहे.

घेताना काय पाहायचं?

पाणी: मागच्या झाकणावर '३० मीटर' लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ ३० मीटर खोल जाता येईल असा नाही. तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. व्यवहारात हात धुताना उडणारे शिंतोडे आणि पाऊस, एवढंच. पोहायचं असेल तर निदान ५० मीटर, आणि १०० मीटर असेल तर निश्चिंत. बादलीतल्या गरम पाण्याच्या आंघोळीला मात्र कुठलंच घड्याळ नको, कारण वाफेने आणि साबणाने आतली रबरी रिंग लवकर खराब होते.

काच: अॅक्रिलिकवर ओरखडे लवकर येतात, पण कपड्यावर टूथपेस्ट घेऊन घासलं तर बारीक ओरखडे जातात. मिनरल काच त्याहून कडक, पण धुळीतले वाळूचे कण तिच्याहूनही कडक असतात. सफायर सगळ्यांत कडक आणि महाग. आपल्या बजेटला मिनरल पुरे.

पट्टा: आमच्याकडच्या घामात चामड्याचा पट्टा एका उन्हाळ्यात वास मारतो. स्टीलचा किंवा रबराचा बरा. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर असेल तर नवा कुठल्याही दुकानात मिळतो. कंपनीचा खास आकार असेल तर पट्टा तुटला की घड्याळच पेटीत जातं.

जुनी एचएमटी घ्यायची हौस असेल तर सावध. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हापासून रंग मारलेल्या, भडक डायलच्या 'नव्या कोऱ्या' जुन्या घड्या खूप विकल्या जातात. अक्षरं फिसकटलेली दिसली तर सोडून द्या. घरात आजोबांची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही.

आणि वापरताना?

चावीच्या घडीला रोज एकाच वेळी चावी द्या. अडली की थांबा, जोर लावू नका. तारीख बदलायची असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात बदलू नका, कारण तेव्हा आतलं चाक तारीख फिरवत असतं आणि त्याचे दाते तुटू शकतात. स्पीकरवर घड्याळ ठेवू नका. चुंबकामुळे मेकॅनिकलची केसासारखी स्प्रिंग चिकटून ती पुढे धावते, आणि क्वार्ट्झची मोटर थांबते.

क्वार्ट्झचा सेकंद काटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला, तर घाबरू नका. बऱ्याच घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. सेल बदलताना नाव वाचा. 'एसआर' ने सुरू होणारा सिल्व्हर ऑक्साइडचा, शेवटपर्यंत सारखा दाब देणारा. 'एलआर' किंवा 'एजी' लिहिलेला स्वस्त अल्कलाइन. त्याचा दाब हळूहळू पडतो आणि तो गळण्याची भीती जास्त. सगळ्यात महत्त्वाचं, संपलेला सेल आत ठेवून घड्याळ ट्रंकेत टाकू नका. सेल गळला की सर्किट गेलं.

सुट्टीत मी तेल्हाऱ्याच्या एका घड्याळवाल्या काकांकडे बसलो होतो. डोळ्याला भिंग, समोर चिमटे आणि बारीक पेचकस. मी विचारलं, स्मार्टवॉच दुरुस्त करता का? ते म्हणाले, "अरे बाप्पा, ते उघडलं तं बंदच होत नाही! आन् कंपनी पार्ट देत नाही." मग जुनी एक चावीची घडी त्यांनी उघडून पुसली, तेल दिलं, आणि टिकटिक सुरू झाली. त्यांचा मुलगा हे काम करत नाही. गिऱ्हाईकच नाही तर तो तरी कशाला बसेल?

इथेच आपला संबंध येतो. स्मार्टवॉचला मी नाव ठेवत नाही. पण त्याची बॅटरी काही वर्षांत दमते आणि ती बदलणारं तालुक्यात कोणी नसतं. साध्या क्वार्ट्झचा सेल कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत बदलतो. आपण इंजिनिअर होणार, मशीन डिझाइन करणार. मेंटेनन्सचा धडा पुस्तकात शेवटी असतो आणि पेपरला ऑप्शनला टाकला जातो. निदान स्वतःच्या मनगटावर तरी तो ऑप्शनला टाकू नका. पुढचं घड्याळ घेण्याआधी गावातल्या घड्याळवाल्याला विचारा, "काका, हे उघडता येईल ना?" ते हो म्हणाले तर बिनधास्त घ्या.